माझी लोकरीची टोपी

मित्रांनो, मी एक म्हातारा प्रोजेक्टर आहे, आणि माझ्या पोटात पंखा नाही. हसू नका. आमच्या भावकीत ही साधी गोष्ट नव्हे.

माझा जन्म एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर झाला. त्याची आई, माई, आयुष्यभर गाणं शिकवत आली होती. पंख्याची घरघर ऐकली की तिचं डोकं उठायचं. म्हणून दिवा थंड ठेवायला लेकाने पंख्याऐवजी माझ्या एलईडी दिव्याच्या पाठीला अ‍ॅल्युमिनियमच्या उभ्या पात्यांचा गठ्ठा जोडला. पात्यांमधून गरम हवा आपसूक वर निघून जायची आणि मी मुकाट्याने काम करायचो.

माईची नजर अधू होत चालली होती. हळूहळू सगळं जाईल, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. तोवर तिला एकच हवं होतं. वारलेल्या नवऱ्याचे फोटो भिंतीवर मोठे करून डोळे भरून पाहायचे. रोज दुपारी खिडक्या लावून मी ते दाखवायचो. त्यांच्या गालावरची खळी आली की माई स्वतःशीच हसायची.

"अजून थोडं उजळव ना रे," ती लेकाला म्हणायची.

"माई, जरा दमानं. एकदम वाढवला तर दिवा जळून जाईल."

लेक मोठा चिवट. आधी त्याने मोठी पाती बसवली, मग वीज जराशी वाढवली. वाट पाहिली. पात्यांना थर्मामीटर टेकवला. पुन्हा जराशी वाढवली. एकदा पाती फारच तापली, तशी त्याने वीज थोडी उतरवली आणि तिथेच थांबला. भिंत कशी लख्ख झाली. माईने माझ्या अंगावरून हात फिरवला, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

पुढे लेकाला दूरच्या शहरात नोकरी लागली. "याच्यावर काही ठेवू नका हं," एवढं बजावून तो गेला. घरात माई आणि तिची धाकटी बहीण राहिली. ही मावशी शब्दाला पक्की. पुस्तक नाही, वाटी नाही, काही म्हणून तिने माझ्यावर ठेवलं नाही. पण माझ्यावरची धूळ तिला बघवेना. तिने माझ्यासाठी जाड लोकरीची टोपी विणली आणि भिंगापुढे नेमकं गोल भोक ठेवलं, म्हणजे सारखी काढघाल नको. टोपीनेही काही बिघडेल, हे तिच्या गावीही नव्हतं.

मी आतल्या आत भाजत होतो. गरम हवेला वाटच उरली नव्हती. दिवा एकदम गेला असता तर कुणाला कळलं तरी असतं. पण तो थोडा थोडा पिवळा पडत गेला, मंदावत गेला. रोज कणभर उतरणारा उजेड कुणाच्या लक्षात येतो? माईला वाटलं, आपले डोळेच चालले.

"राहू दे आता," एका दुपारी ती म्हणाली. "ह्यांचा चेहराच दिसत नाही मला. माझ्याच डोळ्यांत राम उरला नाही."

मावशीने पदराने डोळे पुसले आणि माझं बटण बंद केलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, बाई गं, तुझे डोळे नाहीत, माझा दिवा गेलाय. पण मी पडलो मुका. त्याचंच तर सगळ्यांना कौतुक होतं.

लेक सुट्टीवर आला तोवर बरेच महिने लोटले होते. त्याने मला लावलं. थोड्या वेळाने टोपीखाली हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. त्याने टोपी ओढून काढली आणि पिवळा पडलेला दिवा मावशीला दाखवला. मावशीला सगळं उमगलं. ती खाली बसून टोपी उसवत राहिली.

लेकाने नवा दिवा बसवला आणि पूर्वीसारखाच जपून, वाट पाहत पाहत उजळवला. वडिलांचा फोटो भिंतीवर आला, ती खळीसुद्धा लख्ख दिसत होती. माई अगदी समोर बसली होती.

"लावलास का रे?" तिने विचारलं.

मित्रांनो, तिची नजर जाणारच होती, हे मला ठाऊक आहे. पण मधले ते महिने तिचे होते आणि ते तिला मिळाले नाहीत. ती हळहळ माझ्या मनातून जात नाही. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला उघडा राहू द्या, धूळ हवी तर रोज पुसा. आणि घरातलं म्हातारं माणूस म्हणालं की मला दिसेनासं झालंय, तर नुसती मान डोलवू नका. आधी उठा आणि दिव्याजवळ हात नेऊन बघा.