दोन राइस कुकर आणि एक व्हॅन

नेपरव्हिलला रवींद्रच्या बेसमेंटमध्ये फ्रान्सचा निकाल लागत होता. भिंतीएवढ्या टीव्हीवर एक्सेल शीट उघडलेलं होतं, एका रकान्यात ट्रेन, दुसऱ्यात रेंटल कार, आणि रवींद्र हातात लेझर पॉइंटर घेऊन उभा होता. घरात लेझर पॉइंटर बाळगणाऱ्या माणसाबद्दल शुभाचं मत आधीपासूनच बरं नव्हतं. ऑफिसात याचं कुणी ऐकत नसणार, म्हणून हा रविवारी मित्रांना जेवायला बोलावून प्रेझेंटेशन देतो, असं तिला वाटे.

सोफ्यावर तीन जोडपी होती, म्हणजे रवींद्र धरून. त्याची बायको कादंबरी, तिशीतले शंतनू आणि रुचा, आणि शॉमबर्गहून आलेले शुभा आणि तिचा नवरा गुरुनाथ. जूनमध्ये सहा जणांनी दक्षिण-पश्चिम फ्रान्समध्ये, दोर्दोन्य नदीच्या काठची खेडी बघायला जायचं, इथवर सगळ्यांचं एकमत होतं. कसं फिरायचं यावर मात्र आज मतदान होतं.

"ट्रेन म्हणजे त्यांच्या टाइमवर आपण," रवींद्र म्हणाला. लाल ठिपका ट्रेनच्या रकान्यावर नाचला. "कार म्हणजे आपल्या टाइमवर आपण. फ्रीडम! त्यात तिकडे उठसूट स्ट्राइक. अडकलो तर काय करणार?"

आपल्या टाइमवर! शुभाला हसूच आलं. या मंडळींचा टाइम तिला पुरता ठाऊक होता. नऊला निघायचं ठरलं की साडेअकराला पार्किंगमध्ये चहा व्हायचा. यलोस्टोनला हे सगळे गाडीची काच खाली करून बायसन बघून आले आणि पुढे वर्षभर निसर्गावर बोलत राहिले. गाडीतून उतरायचा कंटाळा असलेल्या लोकांना स्वातंत्र्य हवं होतं, ते बसल्या जागी.

"शुभावहिनी, तुमचा पॉइंट मांडा ना," रवींद्रने उदारपणे परवानगी दिली.

शुभाने मांडला. बोर्दो शहरातून त्या खेड्यांजवळच्या सार्लाला एक छोटी ट्रेन जाते. पावणेतीन-तीन तास लागतात. द्राक्षाच्या मळ्यांतून जाते, मग नदीकाठाने. सार्लाहून पुढे टॅक्सी मिळते, सायकली मिळतात. हे सगळं तिने वेळापत्रकासकट काढलं होतं. तीन हिवाळे दर मंगळवारी संध्याकाळी लायब्ररीच्या फ्रेंच क्लासला ती बर्फातून जात होती. गुरुनाथ त्याला 'तुझं ते बोंजूर' म्हणायचा. जे तिने मांडलं नाही ते असं, की तिला ते तीन तास हवे होते. खिडकीशी बसायचं, शेजारी एखादी फ्रेंच म्हातारी आली तर तिच्याशी मोडकंतोडकं बोलायचं, आणि तेवढा वेळ कुणी 'मॅप बघ', 'बदाम दे', 'संत्रं सोल' म्हणायचं नाही. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने मागावं असं हे काही मोठं मागणं नव्हतं, आणि तरी ते या बेसमेंटमध्ये उच्चारायची तिला लाज वाटली.

"नाइस," रवींद्र म्हणाला. "पण बॅगा?"

"आणि कुकर?" कादंबरीने विचारलं. "ट्रेनमध्ये कुकर कसे नेणार गं?"

कुकर दोन होते. मागे युटाहमध्ये एक जळाला आणि सहा जणांवर एक रात्र वरणभाताशिवाय काढायची वेळ आली, तेव्हापासून प्रत्येक ट्रिपला दोन राइस कुकर, पाच किलो तांदूळ, मेतकूट आणि लोणच्याच्या तीन बरण्या. जग जिथे जेवायला जातं तिथे ही माणसं तांदूळ घेऊन निघाली होती, आणि कुकरला डिकी लागते म्हणून ट्रेन बाद होत होती. रवींद्रने कारच्या रकान्यात 'लगेज' असं टाइप करून दोन मार्क वाढवले.

हात वर झाले. पाच विरुद्ध एक. गुरुनाथचा हात तर रवींद्रने मोजायला सुरुवात करण्याआधीच वर होता. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही.

यात नवल काही नव्हतं. शुभा रोज चाळीस मैल गाडी चालवून ऑफिसला जात-येत असे, पण गुरुनाथ गाडीत असला की किल्ली गुरुनाथची. एकदा-दोनदा ती चालवायला बसली, तर शेजारी बसून तो मॅटवर पाय दाबत 'ब्रेक, ब्रेक!' ओरडत राहिला. आणि तो हायवेवर चालवत असताना तिने काही बोलायला तोंड उघडलं की ठरलेलं वाक्य यायचं, "बोलू नकोस, एक्झिट चुकेल." चोवीस वर्षं ती एक्झिट सांभाळत गप्प बसली होती. त्याच्यापेक्षा कधीकधी तिला स्वतःचाच जास्त राग यायचा.

"खरं तर मी व्हॅन बुक केलीय ऑलरेडी," रवींद्रने आता मिरवत सांगितलं. "दोन आठवड्यांपूर्वीच. नाइन सीटर. डील होतं!"

म्हणजे मतदान हे नुसतं नाटक होतं. कुणालाच त्यात काही गैर वाटलं नाही. शंतनूने कौतुकाने बुकिंगची ईमेल आपल्या फोनवर मागवून घेतली आणि वाचायला लागला. वाचता वाचता त्याच्या कपाळावर आठ्या आल्या.

"रवींद्रदादा, ही मॅन्युअल आहे. गिअरची."

"मग ऑटोमॅटिक कर ना चेंज."

"बघतोय." शंतनूचा अंगठा बराच वेळ फिरत राहिला. "नाहीये. त्या डेट्सना बोर्दोमध्ये एकही ऑटोमॅटिक दाखवत नाही, छोटीसुद्धा. तुम्हाला येते ना गिअरची?"

रवींद्रने पॉइंटर बंद केला. "मी... इंडियात स्कूटर होती माझी. चार गिअर होते तिला."

"मी तर बाईकवाला, यार," शंतनू म्हणाला. "कार इथेच शिकलो."

"मीपण इथेच," रुचा म्हणाली.

गुरुनाथचंही तेच होतं. हे सगळे पंचविशीत स्कूटरवरून उतरून विमानात बसले आणि इथे येऊन शिकवणाऱ्याच्या ऑटोमॅटिक गाडीत परीक्षा पास झाले. तेव्हापासून 'इंडियात गाडी चालवलेला माणूस जगात कुठेही चालवू शकतो' हे वाक्य त्यांनी प्रत्येक पार्टीत, गोऱ्या सहकाऱ्यांना डोळा मारत, म्हणून घेतलं होतं. आता सगळे चष्मे पुसत होते. शुभाला इतका आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

तिने मान खाली घालून साबुदाणावड्याचा तुकडा चटणीत बुडवला. वर्ध्याला तिच्या बाबांची रोपवाटिका होती आणि कलमं पोचवायला एक जुनी मॅटॅडोर होती. एकोणिसाव्या वर्षापासून ती मॅटॅडोर शुभा चालवायची. क्लच दाबायला सीटच्या टोकावर सरकावं लागे. संत्र्याची कलमं घेऊन ती काटोलपर्यंत जाऊन यायची. लग्न ठरल्यावर गुरुनाथला तिने मोठ्या हौसेने स्टेशनवरून त्याच गाडीने घरी आणलं होतं. तो दाराचं हँडल घट्ट धरून बसला होता. उतरल्यावर रुमालाने मान पुसत त्याने सांगितलं होतं, "हे तिकडे कुणाला सांगू नकोस हं. ड्रायव्हरची मुलगी वाटशील."

तिने नव्हतं सांगितलं. कुणालाही नाही.

"अरे, थांबा!" गुरुनाथ एकदम सरसावून बसला. चेहरा उजळला होता. "आमच्या शुभाला येते की! ट्रक चालवायची ती वर्ध्याला! मॅटॅडोर! एकदम एक्स्पर्ट!"

बेसमेंटमध्ये जल्लोष झाला. कादंबरीने टाळ्या वाजवल्या. "काय सांगतोस! शुभा, बोलली नाहीस कधी!"

"प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड," रवींद्रने पॉइंटर पुन्हा चालू केला. "वहिनी ड्रायव्हर, गुरू शेजारी नेव्हिगेटर."

"हायवेला पाचव्या गिअरलाच ठेवायची," गुरुनाथने लगेच सांगायला सुरुवात केली. "आणि चढाला क्लच अर्धा नाही दाबून ठेवायचा, प्लेट जळते. मी सांगीनच तुला."

शुभाने बशी खाली ठेवली. ज्याला क्लच कुठल्या पायाने दाबतात हे नक्की माहीत नव्हतं, तो तिला प्लेटबद्दल सांगत होता.

"ही गोष्ट कुणाला सांगायची नव्हती ना, गुरू?" ती म्हणाली. "ड्रायव्हरची मुलगी वाटेन म्हणून?"

रुचाने शंतनूकडे पाहिलं. गुरुनाथ हसायला गेला, पण ते जमलं नाही. "अगं, ते तेव्हा... गंमत होती ती."

"मला चालवता येते," शुभा रवींद्रकडे वळून म्हणाली. "उत्तम येते. पण मी चालवणार नाही. माझं मत ट्रेनला होतं, अजूनही ट्रेनलाच आहे. मी बोर्दोहून सार्लाला ट्रेनने जाईन."

"आणि आम्ही?" कादंबरीने विचारलं.

"तुम्ही पाच जण मतदान करा."

परतताना अजून लख्ख ऊन होतं. नेपरव्हिल ते शॉमबर्ग हा रस्ता गुरुनाथने शेकडो वेळा केलेला होता. आजही किल्ली त्याच्याकडेच होती. शुभाने पर्समधून फोन काढला आणि फ्रेंच रेल्वेचं पान उघडलं. आज बदामाची पिशवी तिने उघडली नव्हती, आणि त्यानेही मागितली नव्हती.

"ट्रेनमध्ये बॅगांना जागा असते?" शेवटी त्याने विचारलं.

"एका माणसाला एक असेल तर असते."

त्याने आरसा नीट केला. "मग... किती तिकिटं काढतेयस?"

"एक."

तिने एका प्रवाशाच्या तिकिटावर बोट दाबलं. समोर हायवेवरून त्यांच्या घराकडे वळायची हिरवी पाटी आली, मोठी झाली आणि डोक्यावरून मागे गेली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा, शुभा गप्प बसलेली असताना, गुरुनाथचा एक्झिट चुकला.