रेंजची धोंड

मी धोंड बोलतेय. भाजे गावाच्या वर, विसापूर किल्ल्याच्या उतारावर एक लहानशी वाडी आहे. तिच्याही वर जी काळी, सपाट पाठीची धोंड दिसते, ती मी. धोंडीला कधी बोलता येतं का, असं तुम्ही म्हणाल. मलाही तशी खात्री नाही. पण माझ्यावर बसून लोक इतकं बोलून गेलेत, की त्यातलं थोडं बाहेर सांडायचंच.

माझा जन्म आगीतला. डोंगर झाला तेव्हाच मी झाले. खालच्या अंगाला याच कातळातली माझी भावंडं आहेत. फार पूर्वी कुणीतरी ती कोरली, त्यांची लेणी झाली, आणि त्यांना बघायला लांबलांबून माणसं येतात. मला कुणी छिन्नी लावली नाही. गुराखी बसायचे, घोरपडी ऊन खायच्या, करवंदं वेचणाऱ्या बाया घटकाभर टोपली टेकवायच्या. शेंदूर फासावा इतकाही आकार कुणाला माझ्यात दिसला नाही.

मग वाडीत मोबाइल आले. घरात, अंगणात, गोठ्यात, कुठंच लागत नव्हते. एक दिवस श्रीपतीचा निलेश फोन उंच धरून माझ्यावर चढला आणि ओरडला, "आरं, हितं फुल रेंज हाय!" तेव्हापासून मी रेंजची धोंड.

माझ्या शेजारी उंबर आहे. रानात जाताना वाडीतली माणसं फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात आणि उंबराच्या फांदीला अडकवून जातात. दिवसभर त्यात निरोप येऊन पडतात. येताना पिशवी काढायची, माझ्यावर बसायचं आणि आपल्या माघारी जगात काय झालं ते बघायचं, अशी इथली रीत आहे.

पण फोन नुसते निरोप घेत नाहीत, वाजतातसुद्धा. त्याची मला अजून सवय झालेली नाही. पिशवीतला फोन वाजतो, वाजत राहतो. घेणारं कुणी नसतं. पलीकडं कोण आहे, काय झालंय, मला समजत नाही. मग तो थांबतो. वाजण्यापेक्षा ते थांबणं वाईट.

निलेशच्या आईचं नाव चंपा. एकदा भरदुपारी ती अनवाणी पळत वर आली. श्रीपतीच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, छातीत कळ आली होती. "हॅलो, भाजं! भाजं ओ, मळवलीच्या म्होरं. न्हाई, लेण्यापाशी न्हाई, वरची वाडी. माणूस लय घाबरा झालाय, दवाखान्याची गाडी लावून द्या."

पलीकडचा माणूस सबुरीनं पत्ता विचारत होता. त्याची काही चूक नव्हती. चंपाची पाठ वाडीकडं होती आणि माझं तोंड वाडीकडं. इथून तिचं दार स्वच्छ दिसतं. दारातून बाया बाहेर आलेल्या मला दिसल्या. एकीनं तोंडाला पदर लावला होता. इकडं चंपा फोनवर सांगत होती, "व्हय, व्हय, बोलतोय की. मला म्हनला, लवकर ये."

गाडी येतीया, गाडी येतीया, असं स्वतःशीच म्हणत ती उतरली. त्यानंतर ती कधी वर आली नाही. तिचं ते "बोलतोय की" मात्र माझ्याजवळ राहिलं. ऊन कलून मी निवायला लागले की ते माझ्या आतून येतं. वारा असेल, असं मी स्वतःला सांगते. वारा नसतो.

पुढं निलेशचं लग्न ठरलं. मुलगी तळेगावची, स्नेहल, कॉलेज शिकलेली. लग्नाआधी तो रोज माझ्यावर बसून तिला व्हिडिओ कॉल करायचा. मागं किल्ला, पुढं त्याचा चेहरा, चित्र काचेसारखं. घरात रेंज आहे का, हे विचारायचं तिला कशाला सुचतंय? लग्नानंतर पहिल्यांदा वर आली तेव्हा कपाळाला हात लावून म्हणाली, "माझं लग्न तुमच्याशी लागलंय की ह्या धोंडीशी?"

निलेश हसला. तो लोणावळ्यात हॉटेलात कामाला आहे. शनिवार-रविवारी तर घरी येतच नाही.

त्यांना मुलगा झाला, समर्थ. तो रांगायला लागला आणि एकदा तापात त्याला झटका आला. मी वरून पाहत होते. स्नेहल दारातून बाहेर पडली आणि माझ्या दिशेनं धावली. अर्ध्या वाटेवर थांबली. मागं वळली, घराकडं गेली. पुन्हा माझ्याकडं आली. बाळापाशी थांबावं तर गाडी बोलवायची कुणी? फोन करायला यावं तर बाळापाशी आई नाही. आणि सासऱ्यांचं काय झालं, ते तिला माहीत होतं. ती वाटेच्या मधोमध उभी राहिली. तिला ना वर येता येत होतं, ना खाली जाता येत होतं. तेवढ्यात झटका आपोआप थांबला आणि चंपानं तिला हाक मारली.

तापात पुन्हा येऊ शकतो, थांबला नाही तर लगेच गाडी बोलवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. लगेच!

त्याच सुमारास सरकारनं ठरवलं, की एकही वाडी इंटरनेटविना राहू द्यायची नाही. रेंजसाठी खांब उभे राहणार होते, बायकांना मोबाइल शिकवायचे वर्ग निघणार होते. कुठं रेंज नाही ते बघायला एक साहेब वाडीत आला. तो पहिला भेटला मारुतीला. मारुती हा श्रीपतीचा थोरला भाऊ, घरातले सगळे त्याला आबा म्हणतात.

"वाडीत रेंज येते का हो?" साहेबानं विचारलं म्हणे.

"येती की! चला, दावतो." आबानं त्याला चहा पाजला आणि थेट माझ्यावर आणून बसवला. साहेबानं फोन लावला, गाणं लावलं. झकास चाललं. वाडीत नेटवर्क चांगलं, असं लिहून साहेब उतरला. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

खांब दुसऱ्या वाडीला गेला. स्नेहलनं माझ्यावर बसून तसा सरकारी निरोप वाचला. खाली लिहिलं होतं, तक्रार असल्यास ऑनलाइन नोंदवावी. ती आधी हसली. मग बराच वेळ गुडघ्यात डोकं घालून बसली. आबा पिशवी काढायला आला तेव्हा मात्र तिला राहवेना.

"आबा, तुम्ही त्याला इथं कशाला आणलंत?"

"मग काय, रेंज न्हाई म्हनू? माजी दोन पोरं लग्नाची हायती. वाडीत रेंज न्हाई म्हटल्यावर कोन पोरगी देतंय?"

"मला नाही का दिली? फसवून?"

"आगं, पाव्हन्याला चांगलं ते दावत्यात. कुनी फाटकी घोंगडी हातरतंय का?"

"फाटकीच अंथरायची होती, आबा. माझ्या पाळण्याशेजारी. तिथं फोन लावून बघ म्हणायचं होतं."

आबा पिशवीकडं वळला. पिशवीची गाठ त्याला सुटेना.

खालच्या गावात मोबाइलचे वर्ग सुरू झाले. शिकवायला अनिता नावाची बाई यायची. घरी गेल्यावर हा व्हिडिओ बघा, असं ती म्हणाली, तेव्हा स्नेहलनं हात वर केला आणि सगळं सांगितलं. आपण उगाच जास्त बोललो का, म्हणून नंतर दोन दिवस तिचं तिलाच खात होतं. पण अनिता शनिवारी वाडीत आली. आबा वाटेतच उभा होता. या वेळी त्यानं वर बोट दाखवलं नाही. स्नेहल तिला घरात घेऊन गेली. बराच वेळ दारातून कुणी बाहेर आलं नाही. मग दोघी वर आल्या.

"घरात शून्य, अंगणात शून्य," अनिता धापा टाकत म्हणाली. "तक्रारीत लिहिलंय मी तसं. पण पाठवायला इथंच यावं लागलं बघ."

शनिवार होता. खाली गाड्यांची रांग, लेण्यांपाशी गर्दी, प्रत्येकाच्या हातात फोन. अशा दिवशी माझ्यावरची रेंजही बसते. अनिताच्या फोनवर चक्र फिरत राहिलं. स्नेहलचं तिकडं लक्षच नव्हतं. ती खाली दाराकडं बघत होती.

"गेलं!" अनिता म्हणाली, तोवर स्नेहल उतरायलाही लागली होती.

तुमची वाडी पुढच्या टप्प्यात घेतली आहे, असा निरोप आलाय. खांब अजून नाही. मधल्या काळात वाडीनं आपली एक रीत पाडलीय. समर्थचं अंग कोमट लागलं, की मारुती आबा फोन घेऊन माझ्यावर येऊन बसतो. कुणी त्याला सांगितलेलं नाही. स्नेहल बाळापाशी राहते आणि चंपा दारात उभी राहते. झटका आला आणि तिनं हात वर केला, की आबानं गाडीला फोन लावायचा.

तुमच्यापैकी कुणाच्या हाती मोजायचं काम असेल, तर एवढं ऐका. माझ्यावर मोजू नका. मी वाडी नाही. मी वाडीबाहेरची एक धोंड आहे, माझ्यावर लोक नाइलाजानं येतात. त्यांचं येणं थांबलं, तर मी पुन्हा घोरपडींची होईन. माझी काही तक्रार नाही. ज्यांना आता कधीच कुणी उत्तर देणार नाही, असे आवाज माझ्यात पुरेसे आहेत. आणखी एक नको.

आज सकाळपासून बाळाला ताप आहे. आबा माझ्यावर बसलाय, नंबर काढून, अंगठा बटणावर ठेवून. पापणी मिटत नाही त्याची. चंपा दारात उभी आहे. अजून तिचा हात खालीच आहे.