मागची सीट

नदीकाठच्या सायकलवाटेवर शिंपीणबाईंनी पंचवीस वर्षं नवऱ्याची पाठच पाहिली होती. दोघांनी मिळून चालवायची ती लांबलचक सायकल. ते पुढे, या मागे. "नदी दाखवायला आणलंत की सदरा?" असं त्या दर रविवारी करवादायच्या. "तूच शिवलायस, बघ की," म्हणत ते मुद्दाम आणखी ताठ बसायचे.

ते गेल्यानंतर आज पहिल्यांदाच सायकल बाहेर निघाली. "आई, आता तरी तू पुढे बस," म्हणत मुलगा मागे बसला. बाईंना नदी एकदाची डोळे भरून दिसली. वळणं, लव्हाळी, पाण्याला टेकलेल्या फांद्या, उन्हात उभे बगळे. खोटं कशाला बोला, नदी देखणी होती.

पुलापाशी त्यांनी करकचून ब्रेक दाबला.

"तू पुढे ये."

"अगं, पण नदी?"

"पाहिली की! नुसतं पाणीच तर आहे."

मुलगा पुढे बसला. त्याच्या अंगात वडिलांचा सदरा होता. डाव्या खांद्याची शिवण अजून तशीच जराशी वाकडी. बाईंनी तिच्यावर नजर लावली आणि पायडल मारायला लागल्या.

घराचं वळण आलं, तशा त्या म्हणाल्या, "वळू नकोस. अजून थोडं पुढे चल."