डाव्या पायाची अनामत

सुज्ञ वाचकांस प्रारंभीच नम्रपणे कळविण्यात येते की, प्रस्तुत कथेत खून, दरोडा अथवा प्रेमभंग यांपैकी काहीही घडणार नाही. एक मावशी दिवसभर एका गिऱ्हाइकाची वाट पाहतील, एवढेच घडेल. तथापि आयुष्यात ज्यांनी कोणाची वाट पाहिली आहे, त्यांनी ही कथा शेवटपर्यंत वाचावी.

“आई, ठरलंय ना आपलं? मग नंतर तोंड फुगवायचं नाही.”

“तोंड कोणाचं फुगतं ते सगळ्या धक्क्याला ठाऊक आहे. तू तुझं दुकान उघड.”

बोटीच्या धक्क्यावरील प्रतीक्षालयात सकाळी हा संवाद चालला होता. एका भिंतीला मुलाचे मोबाइलचे दुकान होते. समोरच्या कोपऱ्यात आईची, म्हणजे सर्व प्रवाशांच्या मावशींची, लाकडी मांडणी, एक स्टूल आणि एक लांब बाक होते. मुलाला दुरुस्तीचे टेबल टाकण्यास जागा हवी होती आणि तो कोपरा सोडून दुसरी जागा नव्हती. महिनाभर घरात धुसफूस झाल्यावर मावशींनीच पैज लावली होती. आज शेवटची बोट सुटेपर्यंत एक जरी गिऱ्हाईक आले, तर कोपरा त्यांचा. न आल्यास उद्यापासून टेबल.

“पण खरं गिऱ्हाईक हं. तिकीटवाल्या भाऊंना धरून बसवायचं नाही.”

“त्यांना बसवलं तर ते उठायचे नाहीत. झोपतील माझ्या बाकावर.”

मुलगा हसला. मावशीही हसल्या, परंतु त्यांचे चित्त हसण्यात नव्हते. कोपरा गेला तर दिवसभर बसायचे कुठे, हा प्रश्न त्यांना खात होता. घरी सून होती, नीटनेटकी होती, प्रेमळही होती. परंतु घरी बसणे आणि आपल्या जागी बसणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

त्यांनी मांडणीचे कुलूप उघडून वरील कापड काढले. ह्या मांडणीची हकीकत सांगणे येथे अगत्याचे आहे.

मावशींचे यजमान बोटींवर वायरमन होते. भरती येईपर्यंत बोट सुटत नसे आणि तोवर प्रवासी जांभया देत बसत. हे पाहून वायरमननी शहरातून हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेम आणले. राखाडी डबी, लहानसा पडदा, डाव्या अंगठ्याखाली फुलीच्या आकाराचे बटण, उजव्याखाली दोन गोल बटणे. डबी अर्ध्या तासासाठी भाड्याने द्यायची. परंतु प्रवासी गेम घेऊन बोटीत चढला तर? यावर त्या गृहस्थांनी जी युक्ती काढली, तिला तोड नाही. त्यांनी खोक्यांच्या फळ्यांची खणाखणांची मांडणी केली, प्रत्येक खणावर नंबर घातला आणि नियम केला: डाव्या पायातील पादत्राण खणात ठेवा, त्या नंबराचा गेम न्या.

“एका पायात चप्पल घालून कोणी पळतं का?” असे ते म्हणत.

आणि खरोखर कोणी पळाले नाही. अधिकारी काय, हमाल काय, सर्व एका ओळीत, एक पाय बुटात आणि एक पाय उघडा, माना खाली घालून बटणे दाबीत. एकदा एका शाळामास्तरांच्या व एका विमा एजंटाच्या बुटांची अदलाबदल झाली. दोघेही बोटीत चढले आणि मध्येच दोघांच्या लक्षात आले की आपण लंगडतो आहोत. परतीच्या बोटीने ते आले, बूट बदलले आणि आलोच आहोत तर म्हणून पुन्हा खेळावयास बसले. त्या हशाने छपरावरची कबुतरे उडाली होती.

त्या दिवसानंतर वायरमननी मावशींना बजावले, “तू फक्त वहाणांकडे बघ. बाकी मी बघतो.” तेव्हापासून मावशी डोळ्यांत तेल घालून वहाणांकडे बघत आल्या. वायरमन गेले. पुढे लोकांच्या खिशांत फोन आले, फोनांत खेळ आले, आणि खण ओस पडत गेले.

सकाळ गेली. प्रतीक्षालय भरले होते, परंतु प्रत्येकाच्या तोंडावर स्वतःच्याच फोनचा उजेड होता. मावशींनी गेममध्ये ताजे सेल घातले व एक गेम सुरू करून ठेवला, म्हणजे त्याची टुंग-टुंग कोणाच्या तरी कानी जाईल.

ती कानी गेली. एका बाईंची लहान मुलगी धावत आली.

“आजी, हे काय आहे?”

“गेम आहे बाळ. खेळतेस?”

मुलीने डबी घेतली आणि पडद्यावर बोट फिरवले. पुन्हा फिरवले. मग दोन बोटांनी चित्र मोठे करून पाहिले.

“आई, हा बिघडलाय!”

“बिघडला नाही गं. खाली बटणं आहेत ना, ती दाब,” मावशी अजिजीने म्हणाल्या. “ताई, तिला बसू द्या अर्धा तास. फक्त डाव्या पायाची चप्पल इथे ठेवा.”

“चप्पल?” बाई दचकल्या. “इथे? ह्या फरशीवर अनवाणी? नको हो मावशी. चल गं, फोन देते तुला.”

काचेवर त्या चिमुकल्या बोटांचे ठसे राहिले. मावशींनी ते फडक्याने पुसले.

दुपारी एक तरुण थेट त्यांच्यापाशी आला. मावशी सावरून बसल्या. त्यांचा हात आपसूक पहिल्या खणाकडे गेला.

“मावशी, चार्जर मिळेल?”

“समोर मिळेल,” त्या म्हणाल्या. “माझाच मुलगा आहे. भाव करू नकोस, तो ऐकत नाही. माझंच ऐकत नाही, तुझं काय ऐकणार!”

ऊन बाकावरून सरकत भिंतीवर चढले. घंटीवाल्याने शेवटच्या बोटीची पहिली घंटा दिली. लोक उठले, पिशव्या उचलल्या, फोन कानाला लावून बोटीला लावलेल्या तक्त्यावरून चालू लागले. मावशी हातावर हात ठेवून बसल्या होत्या.

तेवढ्यात समोरून कोणी आले आणि त्याने डाव्या पायातील बूट काढून तीन नंबरच्या खणात ठेवला.

“अर्धा तास,” तो म्हणाला. “तीन नंबर द्या मावशी.”

मावशींनी वर पाहिले. मुलगा होता. कान लाल झालेले, एका पायात बूट, दुसऱ्यात भोक पडलेला मोजा.

“हे काय सोंग?”

“सोंग कसलं? गिऱ्हाईक आहे. पैज जिंकलीस तू. टेबलाचं बघू कुठेतरी.”

मावशींनी तो बूट उचलला, झटकला आणि मुलाच्या पायाशी ठेवला.

“घरच्या माणसाची वहाण ठेवून घ्यायची नाही. तुझ्या बाबांचा नियम आहे.”

“अगं, एका दिवसापुरता—”

“आजच्याच दिवशी मोडू होय? आणि मोजा शिवून घे तो. बायकोला दिसत नाही की तुला लाज नाही?”

“आई, मी मनापासून म्हणतोय.”

“तेही कळतंय मला.” त्यांनी मांडणीच्या कुलपाची किल्ली कनवटीची सोडली आणि त्याच्या हातात दिली. “टेबल खिडकीकडून लाव. उजेड चांगला येतो.”

मुलगा किल्लीकडे पाहत उभा राहिला. दुसरी घंटा झाली.

“एक विचारू?” मावशी हळूच म्हणाल्या. “हा गेम चालवायचा कसा रे?”

“म्हणजे?” मुलाला खरेच कळेना. “तू... तू कधी खेळलीच नाहीस?”

“मग वहाणांकडे कोण बघणार होतं?”

मुलाने तीन नंबरचा गेम सुरू करून दिला, आईचा अंगठा फुलीच्या बटणावर ठेवला. ते बटण मधोमध झिजून खोलगट झाले होते. आजवर किती अंगठ्यांनी ते खोलगट केले ते कोण सांगणार? “हा इकडे, हा तिकडे. उडी मारायची तर हा.”

“थांब.”

मावशी उठल्या. त्यांनी डाव्या पायातील चप्पल काढली, तिचा तळ पुसला आणि ती चप्पल तीन नंबरच्या खणात सरळ ठेवली. मग मांडणीला वळसा घालून त्या प्रथमच पलीकडे, गिऱ्हाइकांच्या बाकावर, जाऊन बसल्या.

“तुला कशाला चप्पल ठेवायला हवी? तूही घरचीच ना?”

“बाकावर बसणारीनं ठेवायची. तू तिकडे बस.”

शेवटची बोट सुटली. तिचा धूर पाण्यावर पसरला आणि विरला. रिकाम्या प्रतीक्षालयात टुंग-टुंग आवाज येत राहिला. मावशींचा पडद्यावरचा गडी पहिल्याच खड्ड्यात पडे, त्या “अगं बाई!” म्हणत आणि पुन्हा आरंभ करीत. मुलाने दुकानाचा दिवा मालवला होता. आईच्या स्टुलावर तो ताठ बसला होता, आणि त्याची नजर खणातील त्या एकट्या चपलेवरून हलत नव्हती.

येथे कथा पूर्ण होते. आपला बहुमोल वेळ देऊन ती वाचल्याबद्दल सर्व वाचकांचे अंतःकरणपूर्वक आभार. शब्दांत काही चुकले असल्यास ते माझे. मावशींचे काही चुकले नाही.

आपला विश्वासू,
धक्क्यावरील घंटीवाला