नाथाची तिरडी

माझ्या धाकट्या मुलीचं, शैलाचं, लग्न झालं ते साल एकोणनव्वद. लग्न सव्वीस फेब्रुवारीला होतं आणि सतरा तारखेला पहाटे आमच्या दाराबाहेर, दुसऱ्या मजल्यावर, नाथा जिना झाडता झाडता पडला. मी दार उघडलं तेव्हा झाडू त्याच्या हातातच होता. डोळे उघडे होते, पण तो गेला होता.

नाथा आमच्या भाईंदर पूर्वेच्या इमारतीचा सफाईवाला. मूळचा काठेवाडचा. मागे खाडीकडच्या झोपड्यांत तो आणि त्याचा मुलगा यतीन राहायचे. दहा वर्षं रोज पहाटे साडेपाचला त्याचा झाडू खालून वर यायचा. पाणी मागितलं तर माझी बायको शेवंती त्याच्या ओंजळीत वरून ओतायची. पेला कधी दिला नाही. त्यात काही चुकतंय असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही.

मी गुहागरकडचा. सारा जन्म हमालीत गेला, लिहिता-वाचता येत नव्हतं. पण एक काम येत होतं, तिरडी बांधायचं. या नव्या वस्तीत सगळे कुठून कुठून आलेले. दोन बांबूंवर कामट्या कशा बसवायच्या हे कुणाला ठाऊक नव्हतं. आसपासच्या चार-पाच इमारतींत कुणी गेलं की हाक मलाच यायची.

त्या दिवशी हाक मारायला वरच्या मजल्यावरची संपदा आली. एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी. मागे तिच्या वर्गातला पराग.

“तात्या, चला. बांबू आणलेत.”

“लग्नघर आहे माझं. हात लावता येणार नाही.”

“मागच्या आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या काकांची बांधलीत. तेव्हा नव्हतं लग्नघर?”

मी दार ओढू लागलो.

“नाथाकाका आहेत म्हणून ना?”

“कळतंय तर विचारतेस कशाला?” असं म्हणून मी दार लावलं.

पोरांनी आपल्या मनानेच बांधली. मी गॅलरीतून बघत होतो. पुढे यतीन आणि पराग, मागे दोन पोरं, बाजूला संपदा. पोरीने स्मशानात जायचं नाही म्हणून खाली कुणीतरी ओरडत होतं, ती ऐकत नव्हती. वळणापर्यंत पोचले आणि मधली कामटी निसटली. मग तिच्या शेजारची. नाथा खाली घसरला आणि रस्त्यावर पडला.

मला वरून दिसलं होतं. गाठी वरून मारल्या आहेत, हे त्यांनी तिरडी उचलली तेव्हाच मला दिसलं होतं. एक हाक मारली असती तरी पुरे होतं.

यतीनने तिरडी तिथेच टाकली. लहान मूल घ्यावं तसं बापाला दोन्ही हातांवर घेतलं. जाण्यापूर्वी मान वर करून त्याने माझ्या गॅलरीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला जिन्यात झाडू वाजला. खर्र, खर्र. खालून वर येत आमच्या दाराशी थांबला. नवा माणूस लागला असेल म्हणून मी दार उघडलं. जिन्यात कुणी नव्हतं. कालची धूळ तशीच होती.

“तुला ऐकू आलं?” मी शेवंतीला विचारलं.

“काय?” ती म्हणाली.

रोज असंच होऊ लागलं. दारात मांडव होता, घरात पाहुणे होते, तरी साडेपाचला झाडू यायचा आणि उंबऱ्याशी थांबायचा. शैला सासरी गेली त्या पहाटेही आला. पाठवणीत मी रडलो, तर लोक म्हणाले, लेकीसाठी रडतोय.

महिन्याभराने मी संपदाकडे गेलो. म्हटलं, “शिकवतो तुम्हाला. पुन्हा कुणी पडायला नको.”

गच्चीवर पाच-सहा पोरं जमली. त्यांनी आधीच ठरवलं होतं की जो जाईल त्याला खांदा द्यायचा. जात, धर्म, भाडेकरू की मालक, काही विचारायचं नाही. लोक त्यांना चिडवायचे, “आले बघा खांदेकरी!” पराग नमुन्याच्या तिरडीवर आडवा झाला आणि म्हणाला, “तात्या, जरा सैल बांधा. मला परत यायचंय.” सगळे हसले. यतीन हसला नाही. तो सुतळीचं दुसरं टोक धरून बसला होता.

“गाठ खालून का?” त्याने विचारलं.

“वरून मारली की वजनाने घासते. सुटते.”

“हे तेव्हा सांगायचं होतं ना, तात्या.”

मी पुढची गाठ मारली. ती वरूनच बसली, सोडवून पुन्हा मारावी लागली.

संपदा म्हणाली, “तुम्ही आम्हाला शिकवलंत, आता मी तुम्हाला शिकवते.” साठी उलटल्यावर मी पाटी धरली. आधी माझं नाव शिकायचं सोडून मी ‘नाथा’ शिकलो. लिहिता येऊ लागलं तसा सोसायटीचे सेक्रेटरी शशिकांतराव यांच्याकडे गेलो. आमच्या इमारतीत कुणी वारलं की खालच्या फळ्यावर नाव आणि तारीख लिहितात. नाथाचं कधीच लिहिलं नव्हतं.

“तात्या, फळा सभासदांचा आहे,” ते म्हणाले. “आणि आता लिहून त्याला काय कळणार?”

कळत होतं. रोज पहाटे दाराशी येत होता.

वर्षं गेली. पोरांनी किती जणांना पोचवलं याचा हिशोब कुणी ठेवला नाही. त्र्याण्णवच्या जानेवारीत दंगलीच्या भीतीने लोक दारं लावून बसले होते, तेव्हा पलीकडच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या शिंप्याच्या जनाज्याला माणसं कमी पडली. त्याच्या घरच्यांना विचारून ही पोरं गेली. संपदा लग्न होऊन गेली, पराग नोकरीला लागला. यतीन राहिला. नव्या पोरांना आता तो शिकवायचा, खालून मारायची गाठ. माझ्याशी कामापुरतं बोलायचा. त्याहून जास्त मी मागितलंही नाही.

मग शेवंती आजारी पडली. तिचा श्वास थांबला तेव्हा पहाट होती आणि झाडू दाराबाहेर थांबलेला होता.

मी तिरडी बांधायला बसलो, पण हात चालेनात. यतीनने माझ्या हातातून सुतळी घेतली. सगळी बांधली आणि म्हणाला, “तात्या, बघून घ्या.” मी एकेक गाठ चाचपली. सगळ्या खालून होत्या.

“यतीन,” मी म्हणालो, “त्या दिवशी मला वरून दिसलं होतं.”

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “मी पाहिलं होतं तुम्हाला.”

खाली शशिकांतरावांनी माझ्या हातात खडू दिला. “वहिनींचं नाव तुम्हीच लिहा.”

मी आधी वरची ओळ लिहिली, मग खालची. वरची वाचून शशिकांतरावांनी फडकं उचललं. तिरडीचा पुढचा बांबू धरून यतीन उभा होता. त्याच्याकडे पाहून त्यांनी फडकं परत ठेवलं.

अक्षर वाकडं आलं होतं, पण वाचता येत होतं:

नाथा, या इमारतीचा सफाई कामगार, १७ फेब्रुवारी १९८९ रोजी वारला.

शेवंती, माझी बायको, ९ नोव्हेंबर १९९७ रोजी वारली.