सातव्या ओळीतली कलमे

चांदूर बाजारजवळच्या आमच्या रोपवाटिकेत कुंदन, माझा नवरा, जंबेरी लिंबाच्या खोडावर संत्र्याचे डोळे भरून कलमे बांधतो तेव्हा त्याच्या बोटांइतकी शांत जागा मला अन्यत्र दिसत नाही. त्याचे मन मात्र त्या बोटांपाशी क्वचितच थांबते. छत्तिसाव्या वर्षी अमरावतीच्या डॉक्टरांनी त्या भटकण्याला एडीएचडी म्हटले. तोवर घरात त्याला ‘बेपर्वा’ म्हणत.

गेल्या हंगामात सातव्या ओळीशी तो मोटर बंद करायला उठला. परतला तेव्हा डोळे काढायची हातातली काडी निवडक झाडाची की बांधावरच्या हलक्या प्रतीच्या झाडाची, हे त्याला आठवेना. तरी त्याने ओळ पुरी केली. पाने सारखीच, फरक दिसणार तो फळात, पाच वर्षांनी.

यंदा अकोटचे बागायतदार खुशालराव कलमे विकत न्यायला येणार होते. चार दिवस तो स्वतःशी भांडत होता.

“सांगतलं त लोक म्हनतीन, येड्याच्या कलमा.”

“अन् नाई सांगतलं त?”

“त मीच मले म्हनीन.”

खुशालराव आले आणि नेमके सातव्या ओळीशी थबकले. “हे ओळ त लय साजरी हाये!”

“ते सोडा, काकाजी. डोळे भरता भरता मन उडालं माहं. काडी कोन्ती होती, सांगता येत नाई. तसा आजारच हाये मले.”

“लेका, मन त माहंबी उडते! पंगतीत बसलो का वावरात जाते.”

“तुमचं गेलेलं तुमाले समजते, काकाजी. मले वापस आल्यावर समजते.”

म्हाताऱ्याचे हसू ओसरले. “मंग बाकीच्या ओळींचं खरं काहून मानू?”

“लाल दोरा पाहा. काडीचं नाव मोठ्यानं घेतो, मंगच बांधतो. सातवीत बाराव्या कलमेनंतर दोरा नाई.”

खुशालरावांनी वाकून ओळ न् ओळ तपासली. अखेर अर्धीच कलमे गाडीत चढली. “बाकीचं घरी इचारतो,” ते म्हणाले. त्यांनी पुन्हा फोन केला नाही.

कुंदनने दुसऱ्या दिवशी सातवी ओळ आमच्याच वावरात लावायला घेतली. स्वतःविषयीची शंका स्वतःच्या काळ्या मातीत, उघड्यावर, पाच वर्षे पोसायला निघालेला माणूस मी प्रथमच पाहत होते.

“रागिणी, इथंच उभी राय,” खड्ड्यात कलम धरून तो म्हणाला. “हरपलो त हाक मार.”

दोनदा मारावी लागली.