दोन पावलं मागे

फळी सरकली नव्हती. हे मला माहीत होतं आणि माझ्या बायकोला माहीत होतं. तिसऱ्या कोणाला नाही.

मी रंगारी. बावीस वर्षं इमारती रंगवतोय. रंगाऱ्याला एक खोड असते. हात मारून झाला की दोन पावलं मागे जायचं, मान तिरकी करायची आणि आपलंच काम डोळे भरून बघायचं. जमिनीवर ही खोड चालते, परांचीवर नाही. नव्या पोरांना हे ओरडून ओरडून शिकवणारा मीच. तरी गेल्या हिवाळ्यात तिसऱ्या मजल्यावर एका खिडकीच्या चौकटीला रंग असा काही बसला की मी बघायला एक पाऊल मागे गेलो. दुसरं पाऊल हवेत पडलं.

दवाखान्यात मुकादमाने विचारलं, "फळी सरकली का रे?" पाय प्लास्टरमध्ये, तोंड सुजलेलं, आणि शरम तर विचारूच नका. मी होकारार्थी मान हलवली. बस, एवढंच. पण ती परांची माझ्या मित्राने बांधली होती. त्याला सगळे गाठ्या म्हणतात, कारण त्याने मारलेली गाठ सुटत नाही, कापावी लागते. मुकादमाने त्याला परांचीवरून काढून गोदामात बसवलं, जुने दोर निवडायला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं. आणि चोर त्या संन्याशाचाच जिगरी दोस्त.

अकरा महिने मी तोंडात मिठाची गुळणी धरून होतो. गाठ्या दर रविवारी घरी यायचा, माझ्या पायाला तेल चोळायचा, मला धरून खोलीत फेऱ्या मारायला लावायचा. आत बायको भांडी आपटायची. तो गेला की विचारायची, "भाऊजींना सांगितलंत?"

"पुढच्या रविवारी," मी म्हणायचो.

दर थंडीत आम्ही दोघं आमच्या या पहाडी शहराबाहेरचा एक डोंगर चढतो. तरुणपणी लागलेलं वेड आहे, अजून सुटलेलं नाही. पाय बरा झाल्यावर गाठ्या एका सकाळी पाठीवर पिशवी लावूनच दारात उभा राहिला. बायकोने उकडलेली अंडी आणि पाव बांधून दिला आणि माझ्या मफलरची टोकं आवळत हळूच म्हणाली, "सांगितल्याशिवाय परत येऊ नका."

डोंगराने नाकी नऊ आणले. पोटऱ्या बुडतील एवढा बर्फ, खाली निसरडे दगड, आणि वारा असा की दात वाजायचे थांबेनात. दुखरा पाय दर दहा पावलांवर तक्रार करत होता. गाठ्या पुढे जाऊन माझ्यासाठी पाऊल ठेवायला जागा करायचा, मग हात द्यायचा. दुपारी आम्ही शेवटच्या कड्याखाली पोहोचलो. तिथे जेवणाच्या टेबलाएवढा एक दगडी ओटा आहे. तिथून वर वीसेक हात उभा खडक चढला की शिखर.

गाठ्याने हातमोजे काढले आणि माझ्या कमरेला दोर बांधला. ओढून पाहिला, सोडला, पुन्हा बांधला. परत सोडला. बोटं निळी पडली तरी त्याचं समाधान होईना. पूर्वी हाच माणूस गप्पा मारता मारता, न बघता गाठ मारायचा.

"काय चाललंय तुझं?" मी विचारलं.

"विश्वास बसत नाही रे आता. बुटाची नाडीसुद्धा दोनदा बघतो." तो खाली मान घालून दोर आवळत होता. "एक सांगायचं होतं. माझ्यामुळे तू मरता मरता वाचलास, पण एका शब्दानं बोलला नाहीस. मी घरी नेहमी सांगतो, असा मित्र मिळायला नशीब लागतं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. आणि म्हणालो, "अंडं खातोस?"

इतका नालायक मी स्वतःला कधी वाटलो नव्हतो. त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी कड्याकडे बघत बसलो. तेवढ्यात ढग हटले आणि समोरच्या खडकावर ऊन पडलं. काळ्या दगडावर बर्फाचा पातळ थर, त्यात निळा, जरासा पिवळा, मध्येच गंजासारखा तांबडा. तसा रंग कुठल्या डब्यात मिळत नाही. मी उठलो, मान तिरकी केली आणि नीट बघायला मागे सरलो.

गाठ्याने माझी कॉलर पकडली. माझी टाच ओट्याबाहेर होती. त्याने मला खेचून खडकावर आपटलं आणि तसाच धरून ठेवलं. आधी त्याने माझ्या पायांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"तिथेही असंच झालं होतं?"

"हो," मी म्हणालो. "फळी जागच्या जागी होती. तुझी गाठही. मुकादमाने विचारलं आणि मला लाज वाटली, म्हणून मान हलवली. चूक माझी होती."

त्याने कॉलर सोडली. खाली बसला, एक अंडं सोललं, खाल्लं. मग दुसरं. मग माझ्या वाटणीचंही. त्याने मला खाल्लं असतं तरी चाललं असतं.

"अकरा महिने," तो शेवटी म्हणाला, "झोपेत मी तीच गाठ मारतोय. उठून बसतो. बायको पाणी देते." त्याचे डोळे भरले होते.

"माफ कर," मी म्हणालो. तो शब्द तिथे अगदीच तोकडा होता.

"गप्प बस. अजून चढायचंय."

तो एकटा वर गेला. मी खाली ओट्यावर, कमरेला दोराचं टोक. मनात आलं, हा आता संध्याकाळपर्यंत वर बसून राहिला तरी मी काय बोलणार? त्याचा हक्कच आहे. मग दोर ताठ झाला.

"ये!"

मी निघालो. अर्ध्यावर दुखरा पाय बर्फावरून सटकला आणि माझा सगळा भार त्या दोरावर आला. दोर तसूभरही हलला नाही. ज्याचं नाव मी अकरा महिने खराब केलं, त्यानेच मला धरलं होतं. मी तिथे लटकत रडलो. भीतीने नाही. असा माणूस आपल्या वाट्याला यावा आणि आपण हे असे, या विचाराने ऊर भरून आला.

"लटकून काय बघतोस? ये की वर!"

शिखरावर आम्ही खांद्याला खांदा लावून बसलो, कारण वाराच तसा होता. तो एकदाच म्हणाला, "सगळ्यांसमोर सांगशील?"

"सांगेन."

सोमवारी सकाळी हजेरीच्या वेळी वीस माणसांसमोर मी सगळं सांगितलं. मुकादमाने मला शिव्यांची लाखोली वाहिली, मला महिनाभर गोदामात पाठवलं आणि गाठ्याला सगळ्यांदेखत परत परांचीवर घेतलं. गोदामाची किल्ली गाठ्यानेच माझ्या हातात दिली. त्याचं तोंड अजून फुगलेलंच होतं. दिवसभर मी दोर निवडत होतो आणि दारातून त्याला मजल्यामागून मजला वर चढताना बघत होतो. इतका हलका दिवस मला वर्षभरात मिळाला नव्हता.

सुट्टी झाल्यावर तो गोदामाच्या दारात येऊन उभा राहिला.

"त्या नव्या रंगाऱ्याने आख्खी भिंत डागाळून ठेवलीय," तो कुरकुरला. "हा महिना काढ आणि ये वर लवकर. तुझ्यासाठी मी फळी रुंद बांधेन."